आपल्या जमिनीचा नकाशा



वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना साहित्य, इतिहास, राजकारण, अध्यात्म अशा विषयांची सवय असते. अशा सभेपुढे टेप आणि फूटपट्टी घेऊन उभे राहणे म्हणजे श्रीखंडपुरीच्या पंगतीत नागलीची भाकरी वाढण्यासारखे आहे. परंतु चालकांनी आग्रह केला, आणि आम्हीही असा विचार केला की, ज्या विषयापायी भाऊ भावाशी बोलेनासा होतो आणि कोर्टातली प्रकरणे आजोबांकडून नातवाकडे वारशाने येतात, तो विषय अगदीच नीरस म्हणता येणार नाही. तो विषय म्हणजे जमीन. तिचे मोजमाप घेऊन ती कागदावर प्रमाणात कशी उतरवावी, हे काम संगणकावर कसे करतात आणि ते शिकावे कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे. उदाहरणांसाठी आम्ही ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

हेच तालुके का, असे कोणी विचारील. या दोन तालुक्यांच्या जमिनीवर गेल्या पावणेदोनशे वर्षांत दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा जितक्या पडल्या, तितक्या फारच थोड्या ठिकाणी पडल्या असतील. रेल्वे कल्याणाहून निघून वासिंद, आसनगाव अशी वर सरकत १८६५ साली कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचली. १८९२ साली तानसा धरण पुरे झाले आणि शहापूरचे पाणी नळांतून मुंबईला जाऊ लागले. पुढे भातसा धरण झाले. महामार्ग झाला, विजेच्या उच्च दाबाच्या तारा गेल्या, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातून. या प्रत्येक कामाआधी कोठेतरी एका मेजावर नकाशा पसरलेला होता. तो काढणारा बाहेरचा होता, वाचणाराही बाहेरचाच होता. ज्याच्या खाचरातून ती रेघ गेली, त्याला ती रेघ कळली ती बहुधा खुंट्या ठोकल्यावर.

ही कामे झाली ती वाईट झाली, असे आमचे म्हणणे नाही. आज या सभागृहातल्या पेल्यांतले पाणीही कोठल्यातरी धरणाचेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, नकाशा वाचता येणारा आणि काढता येणारा माणूस त्या गावात असता, तर बोलणे निराळ्या पायरीवर झाले असते. "आमच्यावर अन्याय झाला" एवढेच म्हणणारा शेतकरी एक, आणि "तुमच्या नकाशात माझी विहीर सात मीटर पूर्वेला दाखवली आहे, ही मोजमापे पाहा" असे म्हणणारा शेतकरी दुसरा. पहिल्याला सहानुभूती मिळते. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

आता मूळ विषयाकडे वळू. नकाशा आणि चित्र यांत फरक काय? चित्रकार माहुलीचा किल्ला रंगवतो तेव्हा सुळके थोडे उंच काढले तरी बिघडत नाही. नकाशात ही मोकळीक नाही. कागदावरच्या प्रत्येक अंतराचे जमिनीवरच्या अंतराशी एकच ठरलेले नाते असले पाहिजे. या नात्याला प्रमाण म्हणतात. एकास शंभर म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर एक मीटर. एकास पाचशे म्हणजे एक सेंटिमीटराला पाच मीटर. घराचा आराखडा एकास शंभर प्रमाणात, शेताचा एकास पाचशे प्रमाणात, अशी साधारण रीत आहे. वीस मीटर रुंद आणि तीस मीटर लांब जागा एकास शंभर प्रमाणात काढली, तर वीस सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर होते आणि ए-थ्री आकाराच्या कागदावर मावते. एक हेक्टराचे चौरस शेत एकास पाचशे प्रमाणात त्याच कागदावर सहज बसते.

आपल्याकडे शास्त्रशुद्ध जमीनमोजणीची परंपरा जुनी आहे. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी व आकारणी सुरू केली, तिचीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, आणि तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. म्हणूनच गुंठ्याचे १०८९ चौरस फूट होतात, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबारावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही आकडे जवळजवळचे असल्यामुळे बोलताना लोक गुंठा आणि आर एकच धरतात. एका गुंठ्यात हा फरक सतरंजीएवढा, पण एकराला तो सत्तेचाळीस चौरस मीटरांवर जातो.

या जुन्या गावनकाशांविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एक इंचास वीस साखळ्या, म्हणजे एक इंचास ६६० फूट, अशा प्रमाणाचे गावनकाशे आपल्याकडे आढळतात. आजच्या भाषेत ते एकास ७९२०. त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटराची शाईची रेघ जमिनीवर किती रुंद होते? जवळजवळ चार मीटर! म्हणजे ज्या बांधावरून दोन चुलतभाऊ वीतभर जागेसाठी भांडतात, तो आख्खा बांध, त्याच्या दोन्ही बाजूंची खाचरांची कड आणि वर एखादे आंब्याचे झाड एवढे सगळे त्या एका रेघेच्या पोटात मावते. हा त्या नकाशाचा दोष नव्हे. गाव कसे वसले आहे, कोणता नंबर कोणाच्या शेजारी आहे, हे दाखवण्यासाठी तो काढला होता. वीतभर जागेचा निकाल त्याच्याकडून मागणे हीच चूक. आणि संगणक आल्यापासून ही चूक फार सोपी झाली आहे. ती कशी, ते पुढे पाहू.

नकाशाची सुरुवात मोजणीने होते, आणि मोजणीचा पहिला धडा आम्ही शिकणाऱ्यांना देतो तो कर्णाचा. समजा, जागेला चार बाजू आहेत. दोन वीस-वीस मीटरांच्या आणि दोन तीस-तीस मीटरांच्या. क्षेत्रफळ किती? शंभरातले नव्वद लोक म्हणतील, सहाशे चौरस मीटर. हे उत्तर तेव्हाच बरोबर, जेव्हा कोपरे काटकोनात असतील आणि कर्ण ३६ मीटर ६ सेंटिमीटर भरेल. पण जागा जरा कलती असेल, एक कर्ण तीस मीटर आणि दुसरा एकेचाळीस मीटरांच्या वर भरत असेल, तर त्याच चार बाजूंत ५६६ चौरस मीटरच सापडतात. चौतीस चौरस मीटर कोठे गेले? कोठेही गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर धरले आहे. एक कर्ण न मोजल्यामुळे एका कुटुंबाचे आख्खे घर कागदावर उभे राहिले आणि जमिनीवर नाहीसे झाले!

हा धडा काही आम्ही शोधलेला नाही. भास्कराचार्यांनी आठशे सत्तर वर्षांपूर्वी 'लीलावती'त हेच बजावले आहे. चौकोनाच्या नुसत्या बाजू दिल्या म्हणजे त्याचा आकार पक्का होत नाही. म्हणून कर्ण किंवा लंब न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला आचार्य पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देऊन मोकळा होतो त्याला त्याहूनही मोठे पिशाच! आज जागांच्या व्यवहारात ही दोन्ही पिशाचे समोरासमोर बसून चहा घेताना दिसतात. त्रिकोणाचे मात्र तसे नाही. तीन बाजू मोजल्या की त्रिकोण हलत नाही. म्हणून कसलीही वेडीवाकडी जागा असो, तिचे त्रिकोण पाडावेत, प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजाव्यात, आणि एक जास्तीचे माप पडताळ्यासाठी घ्यावे. त्याला यंत्र लागत नाही. तीस मीटरांचा टेप, चार खुंट्या, सुतळी, वही आणि दोन प्रामाणिक माणसे पुरतात.

शहापूर-मुरबाडकडे दुसरा धडा लागतो तो उताराचा. भाताची खाचरे सपाट असतात, पण नागली-वरईचे वरकस चढावर असते. पाड्यावरची घरेही पुष्कळदा उतरणीवर असतात. नकाशातले अंतर नेहमी आडवे धरतात, जणू जमीन पाण्याच्या पृष्ठभागासारखी सपाट आहे. वरकसावर टेप जमिनीलगत ताणून वीस मीटर मोजले आणि तेवढ्यात जमीन सहा मीटर उतरली असेल, तर आडवे अंतर १९ मीटर ८ सेंटिमीटरच भरते. म्हणून उतारावर टेप आडवा धरायचा, त्याच्या टोकाला ओळंबा सोडायचा, आणि पायरी-पायरीने खाली यायचे. उंचसखलपणा पाहायला गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी आहेच. तिच्या दोन टोकांचे पाणी एका पातळीवर राहते, हा सृष्टीचा नियम सर्वांना फुकट उपलब्ध आहे. ज्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तरीही वैशाखात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे पाणी कोणीकडे वाहते आणि कोठे अडवता येईल हे न दाखवणारा नकाशा अपुराच समजला पाहिजे.

आता संगणक. १९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेत आयव्हन सदरलँड या तरुणाने 'स्केचपॅड' नावाची योजना करून दाखवली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवावी आणि रेषा उमटावी. १९८२ साली ऑटोकॅड हा कार्यक्रम बाजारात आला आणि साध्या टेबलावरच्या संगणकावर नकाशे काढता येऊ लागले. तोवर आरेखकाचे जग म्हणजे टी-स्क्वेअर, गुण्ये, ट्रेसिंग कागद, शाईची पेने आणि चूक झाली की पात्याने हलकेच खरवडणे. एका भिंतीची जागा बदलली, तर आख्खा कागद पुन्हा काढावा लागे. आज ती भिंत क्षणात सरकते.

संगणकावर आरेखन शिकताना तीन गोष्टी समजल्या की बाकीचा सराव आहे. पहिली ही की, संगणकात वस्तू पूर्ण आकाराची काढावयाची असते. तीस मीटरांची बाजू तीस मीटरांचीच. कागदावर हाताने काढणारा प्रत्येक माप मनात भागून घेतो, येथे ती खटपट नाही. प्रमाणाचा प्रश्न येतो तो शेवटी, कागद छापताना. मात्र आरंभीच एकक ठरवले पाहिजे. कोणी मीटर धरून शेत काढतो, कोणी मिलिमीटर धरून घर काढतो, आणि दोन्ही एकत्र आणले की घर शेताच्या मानाने हजारपट मोठे होऊन बसते. हसू येते, पण हे रोज घडते.

दुसरी गोष्ट थरांची. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर असतात. हद्द एका थरावर, विहिरी आणि ओहोळ दुसऱ्यावर, झाडे तिसऱ्यावर, विजेच्या तारा चौथ्यावर, उभे घर पाचव्यावर आणि बांधावयाचे घर सहाव्यावर. हवा तो थर दाखवावा, नको तो झाकावा. जे आहे आणि जे व्हावयाचे आहे, ते एका थरावर कधी मिसळू नये.

तिसरी गोष्ट कागदाची. एकास शंभर प्रमाणाचा नकाशा छपाईच्या दुकानात गेला आणि तेथल्या मुलाने 'कागदावर मावेल असा' हा पर्याय निवडला की, प्रमाण संपले. झेरॉक्सने तेच होते, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तेच होते. वर 'प्रमाण १:१००' असे अक्षरात तसेच राहते आणि खोटे बोलत राहते. यावर जुन्या लोकांचा उपाय अजून उत्तम आहे. नकाशाच्या खाली शून्य, पाच, दहा मीटर दाखवणारी प्रमाणपट्टी काढावी. नकाशा आक्रसला तर पट्टीही तेवढीच आक्रसते आणि खरे सांगत राहते. सोबत उत्तर दाखवणारा बाण, मोजणी केल्याची तारीख आणि मोजणाऱ्याचे नाव असावे. तारीख का, तर श्रावणातला ओहोळाचा काठ आणि चैत्रातला काठ एक नसतो.

मघाशी म्हटले की संगणकाने एक चूक सोपी केली. ती अशी. शाईच्या रेघेला जाडी होती, आणि ती जाडी पाहणाऱ्याला सांगत असे की, एवढी शंका धरून चाल. संगणकातल्या रेषेला जाडी नाही. ती कितीही मोठी करून पाहा, केसासारखी बारीकच दिसते. कोणी जुना गावनकाशा छायाचित्र करून संगणकात आणतो, त्यावर रेषा गिरवतो, आणि संगणक त्या बांधाची लांबी मिलिमीटरापर्यंत सांगतो. चार मीटर जाडीच्या रेघेतून मिलिमीटर कोठून आले? ते मोजणीतून आलेले नाहीत, यंत्राच्या सभ्यपणातून आले आहेत. त्याला जे विचारले त्याचे उत्तर तो देतो. आपण विचारू नये तेही विचारले, तरी देतो.

हीच गोष्ट खिशातल्या फोनची. फोनवर उपग्रहाचा ठिपका दिसतो, आणि आपण त्या ठिपक्यावर श्रद्धा ठेवतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची तीन ते पाच मीटरांची चूक सहज होते. दाट झाडीत आणि डोंगराच्या कुशीत ती वाढते. रस्ता शोधायला हे पुरेसे आहे, हद्द ठरवायला नाही. चाळीस मीटर बाय पन्नास मीटरांच्या तुकड्याचे चारही कोपरे तीन-तीन मीटर आत नोंदले गेले, तर दोन हजार चौरस मीटरांचे १४९६ उरतात, म्हणजे चौथा हिस्सा गेला. चूक नेहमी आतल्याच बाजूला होते असे नाही, हे खरे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या आदिवासी कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा दावा केला आहे, त्याच्या पदरी या चुकीचे कोणते टोक येईल हे दैवावर का सोडावे? टेपने मोजलेली वही त्या कुटुंबाजवळ असली, तर निदान विचारता तरी येईल. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता सेंटिमीटरांत अचूक असणाऱ्या उपग्रह-यंत्रांनीही होते. फोन आणि ते यंत्र यांत जो फरक आहे, तो पावलांनी मोजणे आणि टेपने मोजणे यांत आहे.

आणखी एक खाचखळगा सांगून हा भाग संपवतो. फोनमधले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे उचलून आरेखनाच्या कार्यक्रमात टाकले की आकृती वाकडी येते. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा आहे आणि रेखांशाचा सुमारे १०५ किलोमीटरांचा, कारण पृथ्वी गोल आहे आणि रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. म्हणून आधी त्यांचे मीटरांत रूपांतर करावे लागते. त्यासाठी जगाचे साठ पट्टे पाडले आहेत, आणि शहापूर-मुरबाड त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येतात. क्यूजीआयएस नावाचा विनामूल्य कार्यक्रम हे रूपांतर करून देतो.

आता शिकण्याविषयी. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकवला जातो, तो चांगला पाया आहे. त्याखेरीज गल्लोगल्ली तीन महिन्यांचे संगणक-वर्ग निघाले आहेत. तेथून मुले आज्ञा पाठ करून बाहेर पडतात. 'लाइन', 'ऑफसेट', 'ट्रिम' तोंडपाठ असतात, पडद्यावर टुमदार बंगला उभा राहतो. पण "या खोलीचे माप घेऊन ये" म्हटले की टेपचे शून्य कोठून सुरू होते येथेच अडखळतात. आमच्या अनुभवाने शिकण्याचा क्रम उलटा हवा. पहिला महिना संगणक लावूच नये. शाळेचे पटांगण, देवळाचा सभामंडप, स्वतःचे घर मोजावे, चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढावे, कर्णाने पडताळावे. मग संगणकाला हात लावावा. अशा मुलाला 'ऑफसेट' हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. साखळीपासून काटकोनात घेतलेले अंतर त्याने उन्हात उभे राहून घेतलेले असते.

खर्चाचा बाऊ करू नये. नामांकित कार्यक्रमांचे वार्षिक शुल्क जबर आहे, पण विद्यार्थ्यांना त्यांतले काही शिकण्यापुरते विनामूल्य मिळतात, आणि लिबरकॅडसारखे कार्यक्रम सर्वांनाच विनामूल्य आहेत. इंग्रजीचाही बाऊ करू नये. आज्ञा पन्नास-साठ असतात, आणि मुरबाडहून एसटीने किंवा आसनगावहून लोकलने कल्याण-ठाण्याच्या कार्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींनी त्या कानाने आणि बोटांनी शिकाव्यात. या मुलांजवळ एक भांडवल असते, जे शहरातल्या मुलाजवळ नसते. ज्याचे बालपण बांधावर गेले, त्याला पाणी कोणीकडे जाईल हे नळी लावण्याआधी डोळ्यांनी कळते. त्याच्या हाती फक्त प्रमाण द्यायचे आहे.

कोणी म्हणेल, आता ड्रोन आले, यंत्रबुद्धी आली, नकाशे आपोआप निघतील, मग माणसाने कशाला शिकावे? ड्रोनची गोष्ट खरी आहे. गावठाणांच्या मोजणीची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली, आणि तिच्याआधी पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी असा प्रयोग महाराष्ट्रात झालाही होता. पण ड्रोन वरून पाहतो. आपल्याकडे पावसाच्या माऱ्यामुळे छपरांच्या वळचणी भिंतींच्या पुष्कळ बाहेर काढलेल्या असतात. ड्रोनला छपराची कड दिसते, भिंत दिसत नाही, आणि दोन घरांमधली पागोळ्यांची बोळ कोणाची हे तर आकाशातून मुळीच दिसत नाही. म्हणूनच ड्रोन उडण्यापूर्वी गावकऱ्यांनी हद्दींवर चुन्याच्या रेघा ओढावयाच्या असतात. जेथे ती रेघ शेजाऱ्यांनी एकमेकांसमक्ष, मापे घेऊन ओढली, तेथे यंत्राने खरा नकाशा दिला. जेथे कोणीच उभे राहिले नाही, तेथे यंत्राने छपरांचे चित्र दिले. यंत्र जितके चतुर होईल, तितके त्याला काय दिले आहे हे तपासणारा माणूस अधिक लागेल.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. आपण घरी काढलेल्या नकाशाने कायद्याने हद्द ठरत नाही. तो अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचा, आणि मोजणीनंतर जो नकाशा हाती येतो त्याची 'क' प्रत हाच कागद. मग आपल्या नकाशाचा उपयोग काय? दवाखान्यात जाण्याआधी ताप मोजून ठेवल्याचा जो उपयोग, तो. मोजणीदार येतो तेव्हा काय विचारावे, कोणता दगड दाखवावा, आलेल्या प्रतीत काय पडताळावे, हे ज्याने स्वतः एकदा जमीन मोजली त्यालाच कळते.

शेवटी या सभागृहातल्या मंडळींना दोन शब्द. आपल्यापैकी काहींनी मुरबाडच्या किंवा शहापूरच्या बाजूला एखादा प्लॉट घेतला असेल, काहींच्या मनात असेल. हाती गुळगुळीत माहितीपत्रक येते. त्यात स्टेशन, महामार्ग, धबधबा आणि आपला प्लॉट एकमेकांना खेटून बसलेले असतात, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, हा नकाशा प्रमाणात नाही. त्या चार शब्दांवर बोट ठेवा. प्रमाणातला नकाशा मागा. बाजू सांगितल्या तर कर्ण विचारा. कोणी मोजले, केव्हा मोजले, हे विचारा. जागेवर जाऊन स्वतः टेप धरा, आणि दुसरे टोक धरायला त्या गावातल्याच एखाद्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बोलवा, आणि त्या कामाचे रास्त पैसे द्या. आपण फसणार नाही, आणि विकणारा गरीब शेतकरीही फसणार नाही. कारण कमी मोजलेल्या जमिनीत तो बुडतो आणि जास्त मोजलेल्या जमिनीत आपण बुडतो. खरे माप दोघांच्याही हिताचे असते. ज्याला ते अडचणीचे वाटते, असा माणूस या व्यवहारात तिसराच असतो.

आणि आपल्या शाळांच्या चालकांना एक विनंती. भूमितीच्या तासाला वर्षातून चार दिवस तरी मुलांना मैदानावर न्या. त्रिकोणाचा सिद्धांत फळ्यावर सिद्ध होतो, पण तो पटतो खुंटीला सुतळी बांधल्यावर. ज्या पिढीला आपल्या गावाचा एक खरा नकाशा काढता आला, तिच्या जमिनीवर पुढली रेघ तिला विचारल्याशिवाय ओढणे इतके सोपे राहणार नाही.